शेवटच्या बांधीचं पाणी

"आपण चोरी केली काय? तुडूम उघडलं, पानी आलं, बांध्या भरल्या. आपण का पान्याले हात धरून घरी आनलं?"

धर्मेंद्र हे तिसऱ्यांदा म्हणाला, तोवर त्याच्या ताटातला भात निवून गेला होता. समोर सुपात लाखोळीची डाळ घेऊन बसलेल्या कुंताबाईंनी मान वर केली नाही. एक खडा वेचून त्यांनी अंगणात फेकला.

"चोरी केली असती तं बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "माफी मांगून मोकळी झाली असती. नेम पाळून दुसऱ्याचं धान वाळवलं, त्याची माफी कोनाले मांगू?"

"मंग आता काय, आपल्या बांधीतलं पानी गुंडा-बादलीनं भरून त्याइच्या बांधीत नेऊन टाकाचं?"

"तू जेव पहिले. भात थंडा झाला."

"भाताचं राहू दे!"

"काहून राहू दे? त्याच बांधीतला हाय."

खाटेवर बसलेल्या वासुदेवरावांना हसू फुटलं. मग आपण मुलाच्या बाजूचे आहोत हे आठवून त्यांनी ते मिशीत दाबलं आणि घसा खाकरला. "अध्यक्षीणबाई, पोट्टा चूक बोलून नाई राहिला. तुमी नेम केला, गावानं हात वर केले. पानी खाली गेलं नाई, तं तो पान्याचा दोष."

"पान्याले दोष देनारे तुमी पहिलेच भेटले."

राखी चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. सासू आणि नवरा भांडत असले की सुनेनं भाजी परतत राहावी, हे ती तीन वर्षांत शिकली होती. पण या भांडणातून तिला अंग काढून घेता येत नव्हतं. ज्या ठरावावरून हे चाललं होतं, तो संस्थेच्या रजिस्टरमध्ये तिच्याच अक्षरात होता.

झालं होतं ते असं. लाखांदुराहून सात किलोमीटरवर असलेल्या खैरटोलीचा तलाव गावापेक्षा मोठा. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या भरावाखाली, धानाची शेतं पायऱ्यांसारखी उतरत गेलेली. एकेका पायरीला तिकडे बांधी म्हणतात. पाळीला पाणी सोडायचं तोंड आहे, ते तुडूम. तुडुमाच्या अगदी खाली कुंताबाईंच्या सहा बांध्या, मग टिकारामच्या, मग इतर सहा घरांच्या. सगळ्यांत खाली, नाल्याला लागून, बौद्ध वस्तीतल्या चौदा घरांची शेतं. पाऊस धड झाला तर कोण वर आणि कोण खाली, हे कोणाच्या लक्षातही येत नसे. ज्या वर्षी पाऊस दगा देई, त्या वर्षी वरच्यांचं धान पिके आणि खालच्यांचं नुसतं तणसाच्या, गुरांच्या चाऱ्याच्या, कामाचं होई. यंदा पोळ्यानंतर आभाळानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. दसऱ्याला धान निसवायला लागलं, लोंब्या बाहेर डोकावू लागल्या, आणि तलाव तळाशी आला.

तलाव आता सरकारनं गावाच्या पाणी संस्थेकडे सोपवला होता. संस्थेचा पहिला नेम असा, की पाणी शेवटच्या बांधीपासून द्यायचं. पाण्याची पहिली पाळी सोमवारी सुटली, गुरुवारी बंद झाली. वरच्या बांध्या काठोकाठ भरल्या. खाली थेंब पोचला नाही. तलावात आता एकाच पाळीचं पाणी उरलं होतं.

काल संध्याकाळी खालच्या चौदा घरांच्या वतीनं केशवराव आले होते. चिखल्याच्या खाणीत पंचवीस वर्षं काढून, युनियनच्या बैठकांत केस पांढरे करून ते गावी परतले होते. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. ओसरीवर टेकले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "ताई, रविवारपर्यंत पायतो. मंग आमचे चवदा जन सह्या वापस घेते. तुमची संस्था तुमाले मुबारक."

चौदा सह्या गेल्या की संस्था उरत नव्हती. तलाव पुन्हा ज्याचा हात जड त्याचा झाला असता, आणि उरलेली पाळी कुठे गेली असती, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

आज शुक्रवार होता.

*

कुंताबाई मूळच्या सिहोऱ्याच्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, शाळा चौथीपर्यंत. रंग काळासावळा, उंची बेताची, आवाज मात्र तीन बांध्या ओलांडून जाणारा. राखी या घरात आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिचं सासूबद्दल मत फार बरं नव्हतं. राखीनं घासलेली भांडी त्या पुन्हा विसळत. भाजीत मीठ बरोबर असलं तर काही बोलत नसत, कमी असलं तर शेजारच्या घराला ऐकू जाई. कौतुक नावाची वस्तू त्यांच्या कपाटात नव्हतीच. वासुदेवरावांचा स्वभाव उलटा. गोंदिया वेगळा होऊन दहा वर्षं झाली होती, तरी ते 'आपला जिल्हा' म्हणताना अजून आमगावापर्यंत हात फिरवत. जे आहे ते तसंच राहावं आणि आपण खाटेवर राहावं, एवढीच त्यांची देवाकडे मागणी.

सासूची खरी ओळख राखीला करून दिली ती केशवरावांच्या पार्वताबाईंनी. पार्वताबाई कुंताबाईंबरोबर रोवणीला जात. चिखलात वाकून धानाची रोपं लावायची, त्या कामाला बायांची टोळी लागते. पंधरा वर्षांपूर्वी ही रोवणी रोजीवरून ठेक्यावर गेली. जितकं लावाल तितकं मिळेल. झालं, ज्या टोळीत आत्तापर्यंत हसणं-खिदळणं चाले, तिथे एकमेकींच्या हातांकडे डोळे लागले. शकुंतलाबाई नावाची म्हातारी सगळ्यांत सावकाश. चपळ बाया म्हणाल्या, हिला काढा, हिच्यापायी आमचं नुकसान.

"तुही सासू काय बोल्ली मालूम हाय?" पार्वताबाईंनी राखीला सांगितलं होतं. "काईच नाई बोल्ली. दुसऱ्या दिवशी म्हातारीले आपल्या अन् माह्या मंधात उभी केली. मले म्हनते, पार्वता, हिच्या उजवीकडच्या चार मुठी तू लाव, डावीकडच्या मी लावतो. मले लय राग आला, बाप्पा! मी का हिची नोकर हाओ? पन वीस बायाइच्या समोर नाई कसं म्हनाव? तीन दिवस गेले. चवथ्या दिवशी पाहतो तं काय, आमच्या घाईनं लावलेली रोपं पान्यावर तरंगून राहिली. म्हातारीचं एक नाई निघालं. मंग समद्याच म्हने, म्हातारीले आमच्या बाजूनं द्या."

राखीनं हे सासूला विचारलं, तेव्हा कुंताबाई म्हणाल्या, "पार्वता फेकते. दोन रोपं निघालते म्हातारीचेबी."

पाणी संस्था आली तेव्हा अध्यक्ष कोण, यावर पुरुषांमध्ये तीन बैठका झाल्या. टिकाराम झाला तर इतरांना नको, इतर झाले तर टिकारामला नको. शेवटी पाटबंधारे खात्याचे साहेबच म्हणाले, एखादी बाई चालेल का? पुरुषांचे चेहरे उजळले. कुंताबाईंचं नाव टाका, कारभार वासुदेवराव पाहतील, म्हणजे कोणीच पाहणार नाही, हा त्यांचा हिशेब. कुंताबाईंनी पहिल्याच कागदावर हात आखडला.

"सही करीन तं वाचून करीन. मले जोडाक्षरं जमत नाई. माही सून बारावी हाय, ते वाचन."

अशी राखी बिनपगारी सचिव झाली. घरात बैठक असली की चाळीस कप चहा तीच करी, आणि चहा देऊन झाला की पदराला हात पुसून रजिस्टर उघडून तीच बसे. पहिल्या दोन बैठकांना तिला याचा राग आला होता. तिसऱ्या बैठकीत टिकाराम म्हणाला, "सूनबाई, येवढं नको लिहू, जरा कमी लिह." तेव्हा कुंताबाई म्हणाल्या, "ते जे आयकते ते लिहिते. तुमीच कमी बोला." त्या दिवसापासून राग गेला. पूर्ण नाही, पण पुष्कळसा.

ठरावाच्या बैठकीला साहेबांनी समाजमंदिरात फळा लावला होता. फळ्यावर एक लांब सरळ रेघ, तो कालवा. त्याला बाजूंनी छोट्या रेघा, त्या शेतांकडे जाणाऱ्या. खडू शेवटच्या रेघेवर टेकवून साहेब म्हणाले, इथून सुरुवात. शेवटचा तो पहिला. खालच्या वस्तीत टाळ्या पडल्या. वरच्यांनीही कुरकुरत हात वर केले. कुंताबाईंनी सगळ्यांत आधी केला होता.

आणि तिथेच घोळ झाला. खैरटोलीत तसा कालवाच नव्हता. तुडुमातून निघालेलं पाणी पहिल्या बांधीत उतरतं, ती भरली की धुऱ्याला, म्हणजे मधल्या बांधाला, पाडलेल्या तोंडातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. असं एकतीस बांध्या भरत भरत ते खाली पोचतं. शेवटच्या बांधीला पाणी द्यायचं तर वरच्या तीस आधी भराव्या लागतात. गावातल्या शेंबड्या पोराला हे माहीत होतं. इतकं माहीत होतं, की फळ्यावरची रेघ पाहताना एकाच्याही मनात ते आलं नाही. आपल्याकडे पाणी असंच जातं, त्यात सांगायचं काय? साहेबांना वाटलं, गावाला समजलं. गावाला वाटलं, साहेबांना माहीत असेल.

*

डाळ निवडून झाली. कुंताबाई उठल्या, सूप राखीच्या हातात दिलं.

"रजिस्टर घे. चिंधूकडं जाऊन येऊ."

"डाळ शिजवाची हाय, आई."

"वासुदेवराव पायते डाळ. दिवसभर खाटेलेच तं पायते."

चिंधूचं घर तलावाच्या पाळीवर. त्याच्या बापजाद्यांपासून तुडुमाची चावी त्याच घरात. पाणी सोडणारा तो पाणकर, आणि सुगीला प्रत्येक घरानं त्याला धान घालायचं, हा रिवाज. संस्था झाल्यापासून चिंधू गप्प झाला होता. त्याला स्वतःची जमीन नाही म्हणून तो सभासद नाही, सभासद नाही म्हणून त्याला सतरंजीवर जागा नाही. ठरावाच्या दिवशी तो समाजमंदिराच्या पायरीवर बाहेर बसून बिडी ओढत होता.

आताही तो जाळं शिवत बसला होता. या दोघींना पाहून उठला, आत गेला आणि लोखंडी चावी आणून कुंताबाईंच्या पायापाशी ठेवली.

"घ्या. मांगाले आल्या ना?"

"चावी राहू दे तुह्यापाशी. मले फिरवता येत नाई ते."

"मंग?"

"पानी खाली कसं न्याव, हे विचाराले आलो."

चिंधूनं बिडी पेटवली आणि जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. "आता विचारता? नारळ फोडला, फोटो काढला, चार दिवस पानी सोडलं, अन् आता विचारता? मले मालूम होतं ना पयल्याच दिवशी. पायरीवर बसून हासून राहिलो होतो मी."

"सांगतलं काहून नाई मंग?"

"कोनं विचारलं?"

राखीला वाटलं, आता सासूचा आवाज तीन बांध्या ओलांडणार. कुंताबाई पाळीवरच्या दगडावर टेकल्या.

"माही चूक झाली, चिंधू," त्या म्हणाल्या. "पयले तुह्या घरी याले पायजे होतं. मंग समाजमंदिरात."

तीन वर्षांत सासूच्या तोंडून हे शब्द राखी प्रथमच ऐकत होती. तिचा हात आपोआप रजिस्टरवर गेला. "लिहू का?" तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिलाच लाज वाटली.

"लिह ना. झाली तं झाली."

चिंधूनं बिडी विझवून कानामागे खोचली. जाळं बाजूला सारलं. "चाला."

त्यानं त्यांना तुडुमाकडे नेलंच नाही. आधी सगळ्यांत खाली, नाल्याकाठी नेलं. "पानी न्याचं असन तं जथी न्याचं तथून पाहाव लागते," तो म्हणाला. खालच्या बांध्यांत शिरताना राखीच्या चपलेखाली माती खटखट वाजली. धान हिरवं होतं, पण पानं सुतळीसारखी वळलेली. केशवराव धुऱ्यावरच होते. त्यांनी 'जय भीम' केला, खाली बसले आणि एका भेगेत हात घातला. मनगट आत गेलं.

"किती दिवस काढन?" कुंताबाईंनी विचारलं.

"पाच. लय तं सहा. मंग पानी द्या का दूध द्या."

"रविवार म्हनलं ना तुमी."

"म्हनलं. खानीत आमाले एक शिकवलं होतं, ताई. सायेब म्हनते पाहू, तं त्याले तारीख मांगा."

"मी सायेब हाओ काय?"

"रजिस्टर घेऊन फिरता ना," केशवराव म्हणाले. त्यांचा चेहरा हसला नाही, पण डोळे थोडे हसले.

तिथून चिंधू वर निघाला. मागून कुंताबाई, केशवराव, शेवटी राखी. प्रत्येक बांधीत तो थांबे, डोळे बारीक करून उतार पाही, आणि काठीनं धुऱ्याच्या आतल्या कडेला रेघ ओढी. गोष्ट साधी होती. धुऱ्याच्या कडेनं दीड हात जागा सोडायची, तेवढी नाली खोदायची, तिचीच माती काढून आतल्या बाजूनं बुटका बांध घालायचा. मग पाणी बांधीत न पसरता कडेकडेनं सरळ खाली. कोणाची पूर्ण बांधी भरायला नको. उरलेल्या एका पाळीत खालची सगळी शेतं निघतील.

"पन धान उभं हाय," राखी म्हणाली.

"उभं हाय," चिंधू म्हणाला. "दीड हात धान जाईन परतेकाचं. लोंबीसकट."

टिकारामच्या बांध्या ओलांडून ते कुंताबाईंच्या बांध्यांत आले. पाच बांध्यांत चिंधूनं रेघ ओढली. सहावीत, तुडुमाला लागून असलेल्या मोठ्या बांधीत, तो थांबला. काठी हातात तशीच राहिली. ती चिन्नोरची बांधी होती.

हा बारीक, वासाचा तांदूळ वासुदेवराव विकत नसत. खाटेवरून उठून ते रोज कुठे जात असतील तर या बांधीवर. दिवाळीनंतर बहिणींना, व्याह्यांना, लाखांदुराच्या डॉक्टरांना पायली-पायली चिन्नोर धाडताना त्यांची छाती दोन बोटं रुंद होई. राखीच्या माहेरी पवनीला लग्नाआधी पहिली वस्तू या घरातून गेली होती ती चिन्नोरची पिशवी.

"इथून दुसऱ्या बाजूनं नाई जात काय?" कुंताबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या बाजूनं चढ हाय. इथं तं कडेनबी नाई जमत. मंधातून, तिरपं काढा लागन." चिंधूनं हातानं दाखवलं. उभ्या चिन्नोरच्या पोटातून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

कुंताबाई बांधीत उतरल्या. वाकून त्यांनी एक लोंबी दोन बोटांत दाबली. पांढरं दूध निघालं. ते त्यांनी लुगड्याला पुसलं.

*

शनिवारी दुपारी समाजमंदिरात बैठक झाली. या वेळी कुंताबाईंनी चिंधूला सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं. कोणी भुवया उंचावल्या, कोणी नाही. चिंधूनं नालीचं सांगितलं आणि वरच्या सात घरांचा एकच गलका झाला.

"सांगा बरं, उभ्या धानातून फावडा कोन चालवते?" टिकाराम म्हणाला. "पोराच्या गळ्यावर सुरी फिरवल्यावानी हाय हे. नाली पायजे, मी नाई म्हनून नाई राहिलो. उन्हाळ्यात खोदू ना. मी सोता फावडा घेऊन येतो."

"बरोबर हाय, उन्हाळ्यात," बाकीचे म्हणाले. "उन्हाळ्यात जमीनबी मोकळी रायते."

"उन्हाळ्यात खोदू," केशवराव म्हणाले. "अन् उन्हाळ्यापर्यंत आमी काय, सायेबाचा फळा चाटू?"

हशा झाला आणि लगेच विरला. खालच्या चौदा घरांतलं कोणी हसलं नव्हतं.

राखी सासूकडे पाहत होती. आता त्या काहीतरी सणसणीत बोलतील, टिकारामला गप्प करतील, असं तिला वाटलं. कुंताबाईंनी तसं काही केलं नाही. त्यांनी वरच्या सातही जणांना एकेक करून एवढंच विचारलं, "दीड हात म्हनजे तुमच्या बांधीत किती ओळी जाते?" सात जण आधी चिडले, मग बोटं मोजू लागले. कोणी म्हणालं सहा, कोणी सात. टिकारामनं नऊ सांगितल्या, चिंधू म्हणाला सहा, आणि दोघांत खरंच ओळी मोजण्यावरून वाद जुंपला. कुंताबाईंनी राखीला सगळे आकडे लिहायला लावले. राखीच्या लक्षात आलं, की नाली द्यायची की नाही यावर आता कोणी भांडत नव्हतं. भांडण सहा की नऊ यावर आलं होतं.

"मत घ्याचं काय?" टिकारामनं शेवटी विचारलं. "करा हात वर."

"नाई," कुंताबाई म्हणाल्या. "एक डाव हात वर कराची घाई झाली आपली. आता घरी जा अन् आपआपल्या ओळी पाहा."

"म्हनजे काई ठरलं नाई."

"आज नाई ठरलं."

केशवराव उठले. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "उद्या रविवार हाय, ताई."

"कॅलेंडर हाय माह्या घरी," कुंताबाई म्हणाल्या.

वाटेत राखीला राहवलं नाही. "आई, तुमी टिकारामकाकाले बोल्ल्या काहून नाई? ते नऊ ओळी खोटं सांगून राहिलते."

"माह्याच बांधीचा आकडा सांगतला नाई मी अजून. त्याले काय बोलू?"

*

दिवेलागणीला जेवणं होती. अंबाडीची भाजी, लाखोळीचं वरण, भात. वासुदेवराव खुशीत होते. बैठकीत काही ठरलं नाही, ही बातमी त्यांच्यापर्यंत राखीच्या आधी पोचली होती.

"मी तं म्हनतोच," ते म्हणाले, "घाईनं काई होत नाई. उन्हाळ्यात नाली खोदा, चांगली सिमेटची खोदा. चिन्नोर आता दूध भरून राहिला. आठ-पंधरा दिवसाचा खेळ. यंदा असा चिन्नोर झाला का, मी सांगतो, वासानं बस थांबन रस्त्यावर."

"अन् केशवभाऊ?" राखीनं विचारलं. तिला स्वतःलाच नवल वाटलं. या घरात जेवताना ती अशी मध्ये पडली नव्हती.

धर्मेंद्रनं तिच्याकडे पाहिलं. "त्याइचं मलेबी वाईट वाटते. मी काई राक्षस नोहो. पन आपण एकट्यानं काय कराव? टिकारामकाका देन तवा आपण देऊ. समदे देन तं आपणबी देऊ. पयले आपणच काहून?"

"वरून पानी कोनाच्या बांधीत पयले पडते?" कुंताबाईंनी विचारलं.

"आपल्या."

"मंग."

"मंग काय, मंग? आपली बांधी तुडुमाखाली हाय, ते आपल्या आजानं ठेवली. ते का आपला गुन्हा हाय?"

"गुन्हा कोन म्हनलं?" कुंताबाईंनी वरणात भात कालवला. "पन पानी आपल्याच बांधीत अडलं, तं आपल्या खालचे सात जन नाली खोदून त्यात काय सोडन? टिकाराम नऊ म्हनते, कारन त्याले मालूम हाय, माह्या घरून पयली ओळ निंगत नाई. तवर तो नऊबी सांगू शकते अन् नव्वदबी."

वासुदेवरावांचा घास हातात राहिला. त्यांना काय चाललंय ते उमगायला लागलं होतं. "चिंधूनं रेघ कोठून ओढली?" त्यांनी हळू विचारलं. "कडेनं ना?"

कुंताबाईंनी ताटातला भात गोळा केला.

"कुंता. चिन्नोरच्या कडेनं ना?"

"मंधातून. तिरपी."

चुलीतलं लाकूड तडकलं. वासुदेवरावांनी घास ताटात परत ठेवला. राखीनं आजवर या माणसाला रागावलेलं पाहिलं नव्हतं, आताही ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "किती ओळी?"

"चाळीस-बेचाळीस."

"त्या डॉक्टरले सांगतलं होतं मी, दिवाळीनंतर येतो म्हनून."

"जाजा ना. कमी घेऊन जाजा."

"माये," धर्मेंद्र म्हणाला, "बैठकीत तं तू म्हनली, काई ठरलं नाई."

"बैठकीत नाई ठरलं." कुंताबाईंनी शेवटचा घास घेतला, ताटात पाणी ओतून हात धुतला. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. मीठ कमी पडलं तर त्या सांगत, त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "उद्या उजाडलं का चिन्नोरच्या बांधीतून नाली निंगते. चिंधू काठी घेऊन येते, पयला फावडा मी मारतो. धर्मेंद्र, तू दुसरा घेजो. राखी, केशवभाऊच्या घरी आताच निरोप दे, अन् सकायचा डब्बा सहा मानसाचा कर."